दुसऱ्या भागाची चव

परवा लालबागला मसाल्याच्या गल्लीत गेले आणि पहिली शिंक आली तेव्हाच मागचा उन्हाळा आठवला. या दिवसांत तिथे जायचं म्हणजे रुमाल हातातच ठेवावा लागतो. मसाला कुटायचे डंक सुरू झाले की मिरचीची लाल भुकटी हवेत राहते, दुकानांच्या पाट्यांवर बसते, कुटणाऱ्यांच्या भुवयांवर बसते, आणि आपण आपापल्या पिशव्या सांभाळत आळीपाळीने शिंकत उभे असतो. कोणी कोणाला काही म्हणत नाही. बेडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी आणि मूठभर लवंगी माझ्या हट्टासाठी, एवढं घेऊन मी भोईवाड्याला घरी परत आले.

मग वर्तमानपत्रं पसरायची, पाय लांब करून बसायचं आणि देठं काढायची. हे काम मला मनापासून आवडतं. हात आपले चालू राहतात आणि डोक्याला कुठेही हिंडायची मुभा असते. यंदा ते हिंडून हिंडून एकाच जागी जात होतं. मागच्या वर्षी याच दिवसांत, अशाच पसरलेल्या मिरच्यांमध्ये बसून, मी जगभरच्या अनोळखी माणसांची नाराजी वाचत होते.

मसाल्याचं कसं असतं, तो वर्षातून एकदाच करायचा. बरणीत भरून वर हिंगाचा खडा ठेवला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तोच. त्यामुळे आमच्या इमारतीत या दिवसांत मतांना ऊत येतो. नव्या मसाल्याची पहिली आमटी वाटीतून शेजारी जाते आणि वाटी परत येते ती मत घेऊनच. समोरच्या सावंतकाकूंचं मत तर वाटी पोहोचायच्या आधीच तयार असतं. “यंदा मसालो रंगाक कमी दिसता गो,” असं त्या दर वर्षी म्हणतात. मी इतकी वर्षं ऐकतेय, यंदाचा मसाला मागच्या वर्षीपेक्षा बरा झालाय असं कोणाच्या तोंडून निघालेलं मला आठवत नाही. मागच्या वर्षीचा मसाला संपलेला असतो ना. त्याची चव नुसती आठवणीत उरते, आणि तिथे जाऊन कोणी तिच्यात खोट काढू शकत नाही. पूर्वी मला याची गंमत वाटायची. मागच्या वर्षी मात्र या विचाराने माझी पाठ सोडली नाही.

माझी मुलगी मुग्धा व्हिडिओ गेम बनवते. खेळत नाही, बनवते, हे मला इमारतीत अजूनही समजावून सांगावं लागतं. परळला एका जुन्या इमारतीत खोली घेऊन ती आणि तिचे तीन मित्र हे काम करतात. त्यांच्या पहिल्या खेळाचं नाव ‘तळपाणी’. त्यात एक चावीवाला आहे, आपल्या गल्लीत पाणी सोडायला येतो तसा. शहराखालच्या बोगद्यांत काहीतरी शिरलंय, आणि ते हुसकून चाव्या पुन्हा फिरवायला हा माणूस नळाच्या तुकड्यांची बंदूक घेऊन खाली उतरतो. काळोखातून प्राणी अंगावर येतात, त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. दर वेळी खाली खोल्यांची मांडणी वेगळी. हरलं की पाणी नाकापर्यंत चढतं आणि चावीवाला पुन्हा वर, गल्लीतल्या नळापाशी, रिकाम्या हाताने. मिळवलेलं सगळं जातं आणि पहिल्यापासून सुरुवात. या जातीचे खेळ असेच असतात, असं मुग्धाने मला सांगितलं होतं. मी “छान आहे” म्हटलं होतं. खेळून काही पाहिलं नव्हतं.

चावीवाला तिने वडिलांच्या बोलण्यातून उचलला. आमचे हे निवृत्त होईपर्यंत पाणीखात्यात तक्रारींच्या टेबलावर बसायचे. कुठे गढूळ आलं, कुठे दोन मजल्यांच्या वर चढलंच नाही, या गोष्टी आमच्याकडे जेवणाच्या ताटाबरोबर यायच्या. मुग्धा घास गालात धरून विचारत राहायची. जमिनीखाली नळ किती मोठा असतो? आत माणूस उभा राहू शकतो? तिथे दिवा असतो का? चावीच कोणी पळवली तर? एकदा तिला डंकावर नेलं तर तिने कुटणाऱ्या माणसाला सरळ विचारलं, तुला शिंक का येत नाही. तो बिचारा विचारात पडला. त्याने मालकाला विचारलं, मालकाने पुढच्या दुकानात विचारलं, आणि आमचा मसाला तसाच पडून राहिला. तिच्या प्रश्नांनी आम्ही दमून जायचो, आणि पाहुण्यांसमोर तेच प्रश्न कौतुकाने सांगायचो.

‘तळपाणी’ लोकांना आवडला. कुठल्या कुठल्या देशांतली मुलं तो खेळली आणि त्यांनी ढिगाने मतं लिहिली. आवडला म्हणणारे एका ओळीत आटपायचे. तक्रारवाले पानभर लिहायचे. अंधार फार आहे. नकाशा हवा होता. बुडाल्यावर निदान बंदूक तरी राहू द्या. पाण्याच्या आवाजाने जीव घाबरतो, तो कमी करता आला पाहिजे. मुग्धा हे घरी वाचून दाखवायची आणि यांच्या अंगात जुना कारकून संचारायचा. तक्रार आली की तिची दखल घ्यायची आणि ती निकाली काढायची, हे यांचं नोकरीभरचं ब्रीद. यांनी तक्रारींचे गट पाडले, मुग्धाला पटवलं, आणि मुग्धाने परळच्या खोलीत बाकीच्यांना पटवलं. आवाजाचं काम बघणारा शीवचा योगेश तेवढा कुरकुरत होता, पण आपल्याला काय खुपतंय ते त्यालाच नीट सांगता येत नव्हतं. दुसऱ्या भागात एकेक तक्रार मिटवण्यात त्यांची वर्षं गेली. पोरांनी त्यात जीव ओतला होता, हे मी पाहिलेलं आहे.

मागच्या वर्षी बाजारात नव्या मिरच्या आल्या आणि ‘तळपाणी’चा दुसरा भागही आला. सुरुवातीला मुग्धा हातातून फोन ठेवत नव्हती. मग तो उलटा ठेवायला लागली. तेव्हा माझ्या फोनवर मी ती मतं उघडली. भोईवाड्याच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे मी टायपिंग करायचे. साक्षीदारांची म्हणणी टाइप करण्यात माझी नोकरी गेली. माणूस बोलत असतो एक आणि त्याला सलत असतं दुसरंच, हे तिथे रोज दिसायचं. त्यामुळे असेल, पण रागावलेल्या माणसाने लिहिलेलं वाचायला मला आवडतं. मांडीवर मिरच्या, पुढ्यात फोन, अशी माझी बैठक बसली.

एकाने लिहिलं होतं, पहिल्या भागात मी शेकडो वेळा बुडलो आणि दर वेळी परत उतरलो, या भागात बुडलोच नाही आणि आता उतरावंसं वाटत नाही. एकाला बंदुकीत दम वाटला नाही, कागदी पिशवी फोडल्यासारखा आवाज येतो म्हणे. एक मुलगी लिहीत होती की पहिला भाग खेळताना मी भावाला हाक मारून शेजारी बसवायचे, हा खेळताना त्याला हाक मारायचं सुचलंच नाही. एकजण नुसतं ‘वाईट नाही’ म्हणून मोकळा झाला होता. शिव्या देणाऱ्यांचं मुग्धाने फारसं मनावर घेतलं नाही, पण त्या ‘वाईट नाही’नंतर ती त्या दिवशी जेवली नाही. आणि एकजण तणतणत होता, की नकाशा दिलाय खरा, पण नकाशा मागितला होता कोणी?

हे मी तिला वाचून दाखवलं.

“यानेच मागितला होता,” मुग्धा म्हणाली. “नाव बघ, आई. याच्यासाठीच घातला.”

मला हसू आलं. तिला आलं नाही, म्हणून मी मिरच्यांवर वाकले.

यांचा तर गोंधळच उडाला. सगळ्या तक्रारी मिटवल्या, मग लोक चिडलेत कशाला, हा यांचा साधा प्रश्न होता आणि त्यात कसलीही मखलाशी नव्हती. हे पुन्हा पुन्हा ती मतं वाचायचे आणि मान हलवायचे. पाणीखात्याच्या खिडकीवर तक्रार घेऊन येणारा माणूस पाणी आलं की परत यायचा नाही, एवढंच यांना माहीत होतं.

त्याच दिवसांत मुग्धाला बंगळुरूहून नोकरी आली. मोठी कंपनी, फोनवर रंगीत फळं जुळवायचे खेळ बनवणारी. आठवड्याच्या शेवटी उत्तर द्यायचं होतं. परळची खोली सोडायची आणि हो म्हणायचं, असं तिने जवळजवळ ठरवलं होतं. मला बंगळुरूचं वावडं नाही. पोरं लांब जातात, आपण विमानाची तिकिटं काढायला शिकतो. पण ती म्हणाली, “तिथे काय करायचं ते वरून ठरून येतं, आई. मला काही विचारत बसावं लागणार नाही.” आणि हे ती त्या नोकरीतली सोय म्हणून सांगत होती. योगेशचे फोन ती उचलत नव्हती. आपल्या खेळात नेमकं काय बिघडलं, हेदेखील तिला जाणून घ्यायचं नव्हतं. नोकरी ती कुठलीही करो, पण तिचे ते प्रश्न असे बंद पडावेत हे मला सोसवत नव्हतं.

आणि मला स्वतःला तर फार जाणून घ्यायचं होतं. खरंच काही बिघडलं होतं, की लोक मागच्या वर्षीच्या मसाल्याची आठवण काढत होते? सावंतकाकूंसारखं, आमटी चाखायच्या आधीच? तसं असेल तर मुग्धाने मनाला लावून घ्यायचं कारण नाही. तसं नसेल तर काय बिघडलं ते सापडायला हवं. हे ठरवायचं कोणी? पहिला भाग खेळलेल्या प्रत्येकाच्या जिभेवर त्याची चव होती. दोन्ही न चाखलेलं माणूस हवं होतं, आणि असं माणूस घरातच बसून देठं काढत होतं.

दुपारी हे आडवे झाले आणि मुग्धा बाहेर असली की मी तिच्या टेबलाशी बसायला लागले. कंट्रोलर धरायचा कसा, इथपासून सुरुवात होती. मुद्दाम आधी दुसरा भाग घेतला. मोठा अगत्यशील खेळ. काय दाबायचं ते सांगतो, कोपऱ्यात नकाशा दाखवतो, उजेड भरपूर ठेवतो, आणि बुडालंच तर बंदूक हातात परत देऊन तिथूनच पुढे सोडतो. मी भराभर खोल्या पार केल्या आणि स्वतःवर भलतीच खूश झाले. म्हटलं, लोक उगाच ओरडतात. दुसऱ्या दिवशी आणखी पुढे गेले. तीन चाव्यांची एक खोली लागते, तिथे गोळ्या झाडत होते आणि एकदम लक्षात आलं, गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटायच्या राहिल्यात, याचाच मी मघापासून विचार करतेय. हात आपले चालू होते आणि डोकं गच्चीवर. देठं काढताना हेच मला आवडतं. इथे ते खटकलं.

मग पहिला भाग लावला. त्याने मला काही म्हणजे काही सांगितलं नाही. अंधार आणि कुठेतरी ठिबकणारं पाणी. दारापर्यंत पोहोचायच्या आत मी बुडाले. नळापाशी, रिकाम्या हाताने. परत उतरले तर मघाचं दार जागेवर नाही. परत बुडाले. चिडले, कंट्रोलर ठेवून दिला, पाणी पिऊन आले आणि परत उतरले. असं बरंच झाल्यावर केव्हातरी ध्यानात आलं, की ज्या बाजूने प्राणी येणार असतो त्या बाजूचं ठिबकणं आधी थांबतं. हे योगेशचं काम. दुसऱ्या भागात हा आवाज होता की नाही तेच मला आठवेना, तिथे ऐकायची गरज पडली नव्हती. आता मी कान देऊन उभी राहिले. उजवीकडचं ठिबकणं थांबलं, तशी वळले, झाडली गोळी आणि पहिल्यांदा ती खोली पार केली. पुढच्या खोलीत लगेच बुडाले हे खरं. बंदूक गेली, जमवलेलं सगळं गेलं, पण जे कळलं होतं ते कोणी काढून घेऊ शकलं नाही. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं.

आत्ता हे लिहिताना ती दुपार पुन्हा अंगावर येते. घरभर करपल्या दुधाचा वास, बोटांची मिरचीने होणारी आग, आणि साठी ओलांडलेली मी एका काल्पनिक बोगद्यात श्वास रोखून उभी. इतकं मन लावून मी गेल्या कित्येक वर्षांत कशाकडे कान दिला होता? नोकरीत दिला असेल. कोणी महत्त्वाचा साक्षीदार मध्येच थांबला की टाइपरायटरवरची माझी बोटं अशीच थांबायची.

दुधाच्या वासाने हे उठून आले. मला वाटलं, आता चिडणार. पण पडद्याकडे बघत उभे राहिले. “काही दिसत नाही यात,” म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, नकाशा द्यायला काय झालं होतं. मग बंदूक का काढून घेतात, हा काय न्याय झाला, असं सुरू झालं. आणि हे बोलता बोलता यांनी खुर्ची ओढली. चष्मा पुसून परत लावला. खुर्ची आणखी पुढे ओढली. शेवटी मला म्हणावं लागलं, “अहो, गप्प बसा जरा, ऐकू येत नाही.” डावीकडे, डावीकडे, असं हे कुजबुजले, आणि आम्ही दोघं बुडालो.

मी यांच्याकडे बघत राहिले. मी वाचलेल्या सगळ्या मतांपेक्षा हे सर्वांत बोलकं मत होतं. तोंडाने तक्रार चालली होती आणि खुर्ची पुढे सरकत होती. पहिल्या भागावर पानभर लिहिणारी ती मुलं अशीच असणार. अंधारावर चिडत होती आणि त्याच अंधारात परत उतरत होती. घरच्या माणसावर आपण कुरकुरतो, म्हणून कोणी ते माणूस बदलून आणून द्यावं असं आपल्याला थोडंच वाटतं? यांच्याही ते ध्यानात आलं असावं. हे हळूच म्हणाले, “या तक्रारी निकाली काढायच्या नव्हत्या तर.” मग न सांगता मिरच्यांच्या पसाऱ्यात जाऊन बसले.

माझ्यापुरता निकाल लागला होता. मी यंदाचा मसाला आधी चाखला होता आणि मागच्या वर्षीचा नंतर. मागच्या वर्षीचाच चांगला होता. लोकांच्या आठवणीने त्यांना फसवलं नव्हतं.

संध्याकाळी मुग्धा आली. पडद्यावर पाणी नाकापर्यंत चढलेलं. ती दारातच थांबली आणि मला विचारलं, तू खेळतेयस? मी सांगितलं, दोन्ही खेळले, आधी दुसरा आणि मग पहिला.

“मग?” ती म्हणाली. “छान आहे ना?”

आवाजात नुसता थकवा होता. उत्तर तिला लहानपणापासून पाठ होतं. तिच्या हस्तकलेला, तिच्या पहिल्या पोळीला, ‘तळपाणी’ला, माझं एकच उत्तर. पुन्हा तेच देऊन मोकळं होणं अगदी सोपं होतं. बंगळुरूला कळवायला एक दिवस उरला होता, आणि माझ्या एका वाक्याने तिने या कामावर कायमची फुली मारली असती तर? मिरच्यांतून हे मला डोळ्यांनी नको नको म्हणून खुणावत होते. मला भीती वाटली, खरंच वाटली.

“पहिला आवडला,” मी म्हटलं. “दुसऱ्याचा कंटाळा आला मला.”

ती आत जाऊन पाणी प्यायली. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी यांच्याकडे बघेना, हे माझ्याकडे बघेनात. मग ती स्वयंपाकघराच्या दारात आली.

“कुठे?” तिने विचारलं.

“कुठे म्हणजे?”

“कुठल्या खोलीत कंटाळा यायला लागला?”

मी तीन चाव्यांची खोली सांगितली. त्याच्या आधी नाही? नाही. त्या खोलीत शिरताना कुठे बघत होतीस, समोर की नकाशाकडे? नकाशाकडे. प्राणी किती उरले होते? तेव्हा मनात काय चाललं होतं? मिरच्या, मी म्हटलं. ती हसली नाही, पण हे उत्तर तिला फार मोलाचं वाटलेलं दिसलं. नक्की कोणत्या क्षणी मिरच्या आठवल्या ते तिने मला तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. एवढ्या आस्थेने माझी साक्ष कोणी घेतली नव्हती.

“उद्या परत खेळशील?” ती म्हणाली. “दुसराच भाग. मी बाजूला बसते, एक शब्द बोलणार नाही. कंटाळा आला की नुसता हात वर कर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. मध्येच बंगळुरूहून फोन आला, तेव्हा नोकरीला यायला नाही जमणार एवढंच तिने सांगितलं आणि परत माझ्याकडे वळली. मी खेळत होते आणि तिच्या कित्येक वर्षांच्या कष्टांवर, खोलीमागून खोलीत, प्रामाणिकपणे हात वर करत होते. दर वेळी हात वर गेला की तिचा चेहरा उजळत होता.